सेलरमधलं पाणी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझं नाव बघून काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. या जागेवरून प्राध्यापक बोलून गेलेत, डॉक्टर बोलून गेलेत. मी रेल्वेतला डिप्लोमावाला. माझं बोलणं ट्रॅकवरच्या माणसांशी आणि कंट्रोलशी, तेही फोनवर ओरडून. पण कार्यवाह म्हणाले, मंडळाच्या मखराचं काय झालं ते एकदा तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा, नव्या सभासदांना अजून वाटतं की ते आपण विकलं. तेव्हा हे व्याख्यान न समजता माझी जबानी समजा.

२०२० साल. करोनामुळे आपला उत्सव हॉलमध्ये झाला नाही. हॉलची खोली रिकामी करून द्यायची होती, सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं, आमच्या अपार्टमेंटच्या सेलरमध्ये स्टोअररूम आहे, कोरडी आहे, किल्ली माझ्याकडे आहे. सागवानी मखर, सतरंज्या, स्पीकरचा संच, झांजा-टाळ आणि जुन्या स्मरणिकांचे बांधलेले गठ्ठे असं सगळं आमच्या मलकाजगिरीच्या घराखाली आलं.

हैदराबादबाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो, इथे तळघराला कोणी तळघर म्हणत नाही, सेलर म्हणतात. रस्त्यावरून रॅम्प खाली उतरतो, तिथे गाड्या उभ्या राहतात. आणि बहुतेक ठिकाणी त्याच सेलरच्या कोपऱ्यात एक दहा बाय दहाची खोली असते. तिथे वॉचमन राहतो, बायकामुलांसह. आमच्याकडेही तसंच होतं. मुलगी चौथीत, मुलगा पाच वर्षांचा.

सेलरमध्ये साचलेलं पाणी काढायला एक खड्डा आणि त्यात पंप असतो. आमचा पंप ऑगस्टमध्ये जळला. मी तेव्हा असोसिएशनचा सेक्रेटरी. वाइंडिंग करून आणायला चार-साडेचार हजार लागणार होते. मेंटेनन्सचे पैसे थकलेले, लोकांचे पगार कापलेले. मी म्हटलं, पावसाळा संपत आलाय, दिवाळीनंतर बघू. रेल्वेत आमच्या हद्दीतल्या एखाद्या रोड अंडर ब्रिजचा पंप बंद आहे असं मला कोणी ऐन ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर मी त्याला झोपू दिलं नसतं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं मोठं क्षेत्र त्या दिवशी सकाळी काकीनाडाजवळ किनाऱ्यावर आलं आणि तेलंगणाकडे सरकलं. दिवसभर पाऊस होताच, संध्याकाळनंतर तो कोसळायला लागला. बेगमपेटला २४ तासांत सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. ऑक्टोबर महिन्यात इतका पाऊस इथे शंभर वर्षांत झाला नव्हता. आमच्या भागात बंडा चेरुवूकडून येणारा नाला आहे. निजामाच्या आणि त्याआधीच्या काळात इथले तलाव एकाखाली एक असे साखळीनं बांधलेले, वरचा भरला की खालच्यात पाणी जायचं. आता त्या वाटेवर कॉलन्या आहेत. आमचं अपार्टमेंटही त्यातलंच, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

रात्री नऊच्या सुमाराला लाइट गेले. मी फोनवर होतो. सेक्शनमधल्या एका पुलाखाली पाणी कुठवर आलंय ते विचारत होतो. आमच्या खात्यात हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे. २००५ साली २९ ऑक्टोबरला पहाटे वलिगोंड्याजवळ तलाव फुटला, पाण्यानं रुळाखालचा लहान पूल वाहून नेला आणि डेल्टा पॅसेंजर त्यात गेली. शंभराहून अधिक माणसं मेली. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. त्यानंतर ऑक्टोबरचा पाऊस म्हटलं की पोटात गोळा येतो. तर मी फोनवर, आणि आई अंधारात खुर्चीवर बसलेली. ती म्हणाली, "रुळाखालचं पाणी विचारतोयस. आपल्या खालचं बघितलंस का? पोरं झोपलीत तिथं."

मी टॉर्च घेऊन जिना उतरलो. रस्त्यावरचं पाणी रॅम्पवरून धबधब्यासारखं आत येत होतं. वॉचमन वर गेटपाशी वाळूच्या पिशव्या लावत होता. त्याची समजूत, बायको मुलांना घेऊन वर गेली असेल. बायकोनं काय केलं होतं, तर दार लावून घेऊन फटीत गोणपाट कोंबलं होतं आणि तांदळाचं पोतं, गॅस, मुलीच्या वह्या खाटेवर रचत बसली होती. कोणीही बाई हेच करील.

आता इथे जरा इंजिनिअर म्हणून बोलतो. दार तीन फूट रुंद आहे, आतली जमीन कोरडी आहे आणि बाहेर एक फूट पाणी आहे असं धरा. दारावर सुमारे ४० किलोचा दाब येतो. पाणी दीड फूट झालं की ९० किलो. तीन फूट झालं की ३५० च्या वर. पाणी तिप्पट झालं की दाब नऊपट होतो. आमच्या त्या खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं. आतून ढकलायचं म्हणजे हा सगळा दाब अंगावर घ्यायचा. मी पोचलो तेव्हा बाहेर गुडघाभर पाणी होतं, आत घोट्याइतकं. ती आतून ढकलत होती, दार हलत नव्हतं. वॉचमनला हाक मारली, दोघांनी कडीला धरून ओढलं, तेव्हा ते उघडलं. अजून तासाभरानं दोघांच्या हातून ते झालं नसतं. खिडकी नव्हती. नुसती एक जाळी होती, हात जाईल एवढी.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. मीटरबोर्ड आणि मेन स्विच त्याच सेलरमध्ये, जमिनीपासून चार फुटांवर. सगळी गल्ली अंधारात होती म्हणून मी पाण्यात उतरलो. पण लाइट कुठल्याही क्षणी परत येऊ शकले असते. सबस्टेशनचा फोन लागत नव्हता. मी केलं ते बरोबर होतं असं मी सांगणार नाही. त्याच पावसात शहरात सेलरमधलं पाणी काढताना शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपण वाचली आहे. आई वर वाट बघत होती, माझा मुलगा जिन्यात टॉर्च धरून उभा होता, आणि मी रोज दुसऱ्यांना 'आधी सप्लाय बंद करा' सांगणारा माणूस, कमरेचा पट्टा घट्ट करून उतरलो.

चौघांना वर आमच्या घरी आणलं. आता करोनाचे दिवस, आईचं वय ७४. सौ.च्या चेहऱ्यावर काळजी दिसली. ती हळूच म्हणाली, "अहो, आईंना काही झालं तर?" ते आईनं ऐकलं. म्हणाली, "मी आतल्या खोलीत बसते, दार लावून. त्या मुलांना आधी कोरडे कपडे दे." अकरा दिवस ती मंडळी आमच्या हॉलमध्ये राहिली. कोणाला काही झालं नाही, हे नशीब.

रात्री दोनला पाणी पाच फुटांवर थांबलं. स्कूटर तरंगत होत्या, गाड्यांची छपरं तेवढी दिसत होती. सकाळी लोक म्हणायला लागले, पंप आणा, दुपारपर्यंत रिकामं करू. मी कागदावर हिशेब मांडला. सेलर साधारण ४५० चौरस मीटर, पाणी दीड मीटर, म्हणजे पावणेसात लाख लिटर. भाड्याचा डिझेल पंप सेकंदाला दहा लिटर उपसतो असं धरलं तरी १९ तास. आणि टाकायचं कुठे? रस्त्यावर अजून पाणी होतंच. टाकलेलं परत रॅम्पवरून आत.

दुसरं म्हणजे एकदम उपसायचंही नसतं. बाहेरची माती पाण्यानं भरलेली असते. आत पाणी आहे तोवर ते भिंतीला आणि फरशीला आतून धरून ठेवतं. ते पटकन काढलंत आणि बाहेरचं पाणी तेवढंच उंच राहिलं, तर दीड मीटरला चौरस मीटरमागे दीड टन दाब खालून वर येतो. चार इंची काँक्रीटच्या फरशीचं वजन त्याच चौरस मीटरला २४० किलो. फरशी फुगून फुटते. आम्ही भिंतीवर खडूनं रेघा मारल्या. दीड फूट उतरवलं की थांबायचं, पाणी परत चढतंय का बघायचं, मग पुढे. लोकांनी मला पुष्कळ बोल लावले. एकानं थेट विचारलं, पंप वेळेवर दुरुस्त केला असता तर? खरं तर तो जळका पंप चालू असता तरी लाइट नसताना काय करणार होता? पण हे उत्तर मी दिलं नाही. पाणी यायला लागलं तेव्हा संध्याकाळ होती, लाइट नऊला गेले. मधले दोन तास तो चालला असता.

गाळ काढायला तीन दिवस गेले. पिण्याच्या पाण्याचा संप सेलरमध्येच, त्याचं झाकण जमिनीच्या पातळीवर. तो दोनदा धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली, तोवर टँकर. एका शेजाऱ्यानं घाईनं गाडीला चावी मारली, इंजिनमध्ये पाणी होतं, ते जागच्या जागी अडकलं. लिफ्टच्या आणि बोअरच्या मोटरी मी मेगर लावून तपासल्याशिवाय सुरू करू दिल्या नाहीत. आणि १७ तारखेला, शनिवारी, घटस्थापनेच्या रात्री पुन्हा पाऊस आला. वर आई घटापाशी दिवा सांभाळत होती आणि आम्ही खाली पिशव्या रचत होतो. त्या वेळी भाड्याचा पंप जागेवर होता. पाणी घोट्याच्या वर गेलं नाही.

आता मखर. सहा दिवसांनी स्टोअररूमचं दार उघडलं. सागवान टिकलं होतं, पण त्याच्या मागचं प्लायवूड पापडासारखं सुटलं होतं आणि सरसानं जोडलेले सगळे सांधे मोकळे झाले होते. स्पीकर गेले. सतरंज्या धुऊनही वास गेला नाही. स्मरणिकांचे गठ्ठे मात्र आम्ही सोडले नाहीत. सौ., आई, माझी मुलगी आणि वॉचमनची मुलगी, चौघी गच्चीखालच्या सावलीत बसून पानापानात रद्दी पेपर घालत होत्या. उन्हात टाकायचे नाहीत, पानं वाकडी होतात. दिवसातून दोनदा पेपर बदलायचे. साध्या कागदाची पानं सुटली. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं वाळता वाळता एकमेकांना अशी चिकटली की वीटच झाली. जाहिराती आर्ट पेपरवर असतात. त्यामुळे जाहिराती गेल्या आणि लेख वाचले. संपादक मंडळानं यातून काय घ्यायचं ते घ्यावं. एक अंक मी आज आणलाय, टेबलावर आहे, पण सावकाश उलटा.

सुटे झालेले मखराचे खांब सुताराकडे दिले. आज बाप्पा बसलेत त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला दोन खांब आहेत ते त्याच मखराचे. बाकीचं नवं आहे. खर्चातला माझा वाटा मी दिला आहे, तो देणगी म्हणून छापू नये ही कोषाध्यक्षांना पुन्हा विनंती.

अपार्टमेंटमध्ये काय केलं ते थोडक्यात. रॅम्पच्या तोंडाशी नऊ इंचांचा उंचवटा, मीटरबोर्ड वर तळमजल्यावर, एकाऐवजी दोन पंप. हे सगळं दोन महिन्यांत झालं. वॉचमनच्या खोलीला सात महिने लागले. तळमजल्यावर खोली द्यायची तर एक पार्किंग जाणार होतं. मीटिंगमागून मीटिंग झाल्या. ज्यांच्या गाड्या बुडाल्या होत्या तेच पार्किंग सोडायला तयार नव्हते. आणि माझंही पार्किंग मी पुढे केलं नाही, हेही त्यात आलंच. शेवटी गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूमशेजारी खोली बांधली. वर पत्रा आहे. एप्रिल-मे महिन्यात तिथे बसवत नाही. वॉचमनच्या बायकोला मी एकदा विचारलं, कसं वाटतं. ती म्हणाली, "गरम है साब, मगर पानी तो नक्को।"

सेलरमधली ती जुनी खोली आम्ही पाडली. दार मात्र कोणीतरी भिंतीला टेकवून ठेवलंय.

दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही पंप दहा मिनिटं चालवून रजिस्टरमध्ये नोंद करायची असं ठरलं आहे. पहिलं वर्षभर मी करत होतो. आता वॉचमनची मुलगी करते. हायस्कुलात आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. मागच्या जुलैत एका पंपासमोर तिनं तेलुगूत लिहिलं होतं, आवाज वेगळा येतो. मेकॅनिकला बोलावलं, बेअरिंग गेलं होतं. त्याच आठवड्यात बदलून घेतलं.

कोणाच्या सेलरबद्दल काही विचारायचं असेल तर आरतीनंतर मी इथेच आहे.