हिंगुळाचा रंग आणि कामाचे तास

चित्रकारांनी शतकानुशतके वापरलेला हिंगुळाचा लाल रंग आपल्या परिचयाचा आहे. हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. वजनात सुमारे ८६ टक्के पारा. हा दगड भट्टीत तापविला की गंधक जळतो, पाऱ्याची वाफ सुटते. ती थंड केली की पारा हाती येतो. पण तीच वाफ श्वासावाटे मजुराच्या अंगात भिनते. हात कापू लागतात, हिरड्या सुजतात. म्हणूनच आजच्या स्लोव्हेनियातील इद्रियाच्या खाणीत १६६५ साली कामाचा दिवस सहा तासांवर आणावा लागला. २०१७ साली अंमलात आलेल्या मिनामाता कराराने पाऱ्याच्या नव्या खाणींना मनाई केली. तेव्हा कामाचे तास ठरविताना घड्याळाबरोबर मजूर कोणती हवा घेतो, हेही विचारा.