डोहाळजेवणाच्या आधी



बिदर-कलबुर्गीतल्या आपल्या घरांत सुनेला दिवस गेले की आपण डोहाळे पुरवतो, सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतो. पण बाळाच्या घडणीचं मोठं काम पहिल्या काही आठवड्यांतच होऊन जातं.

आई-वडिलांकडून आलेली जनुकं तीच राहतात. मात्र कोणतं जनुक किती काम करील, याच्या रासायनिक खुणा त्यांवर उमटतात. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. आफ्रिकेतल्या गांबियात पावसाळ्यात गर्भ राहिलेल्या आणि कोरड्या हंगामात गर्भ राहिलेल्या मुलांच्या काही खुणा वेगळ्या आढळल्या. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. या खुणांना लागणारी फोलेटसारखी द्रव्यं आईच्या आहारातून येतात, आणि खेड्यात आहार ऋतूप्रमाणे बदलतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून अभ्यास केला. पालेभाज्या, फळं, दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळं जन्मतः आकारानं मोठी दिसली.

आपल्याकडे लग्नं वैशाखात. तेव्हा कोरडवाहू शिवारात हिरवं पान नसतं. तांदुळजा, अंबाडी येते पावसानंतर. त्यात घरची सून जेवते सर्वांत शेवटी. अंगणवाडीतलं मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण मिळतं, तेही गरोदरपणाची नोंद झाल्यावर. म्हणून सून घरात आल्यापासूनच तिला डाळ, भाजी, दूध पोटभर द्यावं आणि डॉक्टरांना विचारून फोलिक ॲसिडची गोळी आधीच सुरू करावी.

बाप्पासाठी आपण २१ पत्री शोधून आणतो. सुनेच्या ताटात रोज एक पालेभाजी वाढणं आपल्याला जड नाही.