भावनांचा विवेक

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



 धर्मग्रामाचा इतिहास आणि जुन्या सेवकांचें स्मरण या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते बोलले आहेत. आम्हीं निवडलेला विषय अगदीं घरगुती आहे. राग, भय, मत्सर, दया हे विकार मनांत उठतात, तेव्हां आपण त्यांचे धनी असतों कीं चाकर, हा तो प्रश्न होय. घर, शाळा, इस्पितळ, कचेरी यांपैकीं एकही ठिकाण असें नाहीं कीं, जेथें हा प्रश्न रोज उभा राहात नाहीं.

अलीकडील मानसशास्त्रज्ञ या गुणास ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असें नांव देतात. पीटर सॅलोवे व जॉन मेयर या अमेरिकेंतील दोन पंडितांनीं १९९० सालीं या कल्पनेची शास्त्रीय मांडणी केली, आणि १९९५ सालच्या डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथामुळें ती जगभर पसरली. स्वतःची व दुसऱ्याची भावना ओळखणें, ती कां उत्पन्न झाली हें समजून घेणें, विचाराच्या कामीं तिचा उपयोग करणें व तिला योग्य वळण लावणें, हें तिचें सार होय. गणितांत पहिला येणारा विद्यार्थी या परीक्षेंत नापास होऊं शकतो, आणि अक्षरओळख नसलेली आजीबाई तींत वरच्या वर्गांत उत्तीर्ण होते.

नांव नवें असलें तरी वस्तु नवी नाहीं. आणि तिचा धडा शोधण्यास आपणांस वर्धा जिल्ह्याबाहेर जावयास नको. १९३९ सालीं सेवाग्राम आश्रमांत परचुरेशास्त्री नांवाचे एक विद्वान् गृहस्थ आले. ते संस्कृताचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींची व त्यांची ओळख. पण अंगीं कुष्ठरोग जडलेला. हॅन्सेन यांनीं या रोगाचे जंतु १८७३ मध्येंच शोधून काढले होते, तथापि खात्रीचें औषध अद्याप हातीं आलें नव्हतें. अशा मनुष्यास आश्रमांत ठेवून घेणें म्हणजे इतर आश्रमवासीयांच्या भयाशीं गांठ होती. गांधीजींनीं त्या भयाची थट्टा केली नाहीं, कीं आपल्या अधिकारानें तें दडपलेंही नाहीं. त्यांनीं सर्वांसमोर गोष्ट मांडली, त्यांची संमति घेतली, शास्त्रीबुवांसाठीं आपल्या कुटीजवळ स्वतंत्र झोंपडी बांधविली, आणि ते स्वतः त्यांच्या जखमा धुवूं व अंगास मालिश करूं लागले. ती परचुरे कुटी सेवाग्रामास जाणाऱ्यास आजही पाहावयास मिळते.

यांत दया तर आहेच. परंतु दयेबरोबर विवेकही आहे. रोग्याचें दुःख ओळखलें, निरोग्यांचें भयही ओळखलें, आणि दोहोंस मान देऊन मार्ग काढिला. याच जिल्ह्यांत विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालींच दत्तपूर येथें कुष्ठसेवेस प्रारंभ केला होता. क्षणिक कळवळ्यावर असें कार्य टिकत नाहीं. भावनेस रोजच्या कामाची शिस्त लागते, तेव्हांच तें टिकतें.

दुसरें उदाहरण याच मातींतलें. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ सालीं आपल्या हिंगणघाटास झाला. एका मुलीच्या रक्षणासाठीं ते गोऱ्या शिपायांस एकटे सामोरे गेले, म्हणून गांधीजींनीं त्यांस ‘अभयसाधक’ म्हटलें. तेच बाबा वरोऱ्यास एका पावसाळी रात्रीं तुळशीराम नांवाचा, हातापायांचीं बोटें झडलेला रोगी पाहून भयानें पळून गेले! येथवरची गोष्ट आपणां सर्वांची आहे. पुढची मात्र त्यांची आहे. आपण भ्यालों, हें त्यांनीं स्वतःपासून लपविलें नाहीं. ते परत फिरले, तुळशीरामास आडोसा करून दिला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. १९४९ मध्यें महारोगी सेवा समिति स्थापन झाली, व तिच्यांतूनच आनंदवन उभें राहिलें. स्वतःचें भय नांवानें ओळखतां येणें, ही या बुद्धीची पहिली पायरी होय.

मोलोकाई बेटावरील संत दमियन १८७३ मध्यें रोग्यांत राहावयास गेले व १८८९ मध्यें त्याच रोगानें निवर्तले, हें आपण जाणतां. त्या उंचीकडे पाहून आपण म्हणतों, तीं माणसें निराळीं! म्हणून येथें आमचीच एक लहान गोष्ट सांगतों.

आमच्या घरीं एक भाजीवाली येत असे. तिचा कुष्ठरोग औषधानें पूर्ण बरा झाला होता. बोटांवर तेवढी खूण राहिली होती. सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचारानें हा रोग बरा होतो, व औषध सुरू होतांच थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो, हें आम्हांस ठाऊक होतें. इतरांस आम्हीं तें सांगितलेंही होतें. तरी तिला चहा देतांना आमचा हात खिडकींत वेगळ्या ठेवलेल्या कपाकडे गेला. तिनें चहा घेतला, कप विसळला, पालथा ठेविला, आणि ती पुन्हा आली नाहीं. ती रागावली नाहीं, एक शब्दही बोलली नाहीं. ज्ञान आमच्या डोक्यांत होतें आणि भय हातांत होतें; कामाच्या वेळीं हातानेंच काम केलें. तिला शोधावयास आम्ही गेलों, पण फार उशिरां. तो कप आमच्या घरीं अद्याप आहे.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याचें मन जाणणें एवढ्यानें भागत नाहीं. लबाड सावकारही कर्जदाराचें मन नेमकें जाणतो, आणि त्याच जाणिवेनें त्यास नाडतो. मन जाणून त्या मनाचें हित पाहाणें, हाच भावनांचा विवेक. परिचारिकेनें रात्रपाळींत वैतागलेल्या नातेवाइकाच्या शब्दांमागील चिंता ओळखावी. शिक्षकानें उद्धट मुलाच्या पाठीमागचें रिकामें घर ओळखावें. कपाशी बुडालेला शेतकरी गप्प बसला असतां घरच्यांनीं त्या मौनास रुसवा समजूं नये. जवळ बसून विचारावें. रागानें लिहिलेलें पत्र रात्रभर उशाखालीं राहूं द्यावें, आणि सकाळीं पुन्हा वाचावें.

ज्युबिलीचे दिवे उद्यां उतरतील. पुढच्या ज्युबिलीस आपणांपैकीं कोण असेल, हें देवच जाणे. आपल्या घरांत असा वेगळा ठेवलेला कप कोणासाठीं आहे, एवढें प्रत्येकानें आज घरीं गेल्यावर पाहावें, आणि तो इतर कपांत मिसळून ठेवावा, एवढीच नम्र विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.