निषेधाचा खलिता



एखाद्या राष्ट्राने आपल्या घरात कायदा केला आणि त्या कायद्याने तिथल्या लोकसंस्थांचा गळा आवळला, तर बाहेरच्या राष्ट्रांनी काय करावे? बोलावे की गप्प बसावे? आणि बोलले तर त्याचा उपयोग किती? एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. लोकसंस्था म्हणजे सरकार नव्हे आणि व्यापारी पेढीही नव्हे. मतदानावर नजर ठेवणारी मंडळी, कैद्यांची वकिली फुकट करणारी मंडळी, अपंगांसाठी झटणारी मंडळी, यांना आम्ही लोकसंस्था म्हणतो.

काळ्या समुद्राच्या काठी जॉर्जिया नावाचा सुमारे ३७ लाख वस्तीचा देश आहे. मार्च २०२३ मध्ये तिथे एक विधेयक आले. ज्या संस्थेचे वर्षाचे २० टक्क्यांहून अधिक उत्पन्न परदेशातून येते, तिने परकीय सत्तेची हस्तक म्हणून नोंद करावी, असा त्याचा आशय होता. राजधानी तिबिलिसीचे रस्ते माणसांनी भरले आणि विधेयक मागे घेतले गेले. वर्षभराने ते परत आले. फरक एवढाच की ‘हस्तक’ हा शब्द जाऊन ‘परकीय सत्तेचे हित साधणारी संस्था’ असे शब्द आले. १४ मे २०२४ रोजी ते ८४ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाले. राष्ट्राध्यक्षा सालोमे झुराबिश्विली यांनी नकाराधिकार वापरला. संसदेने तोही २८ मे रोजी ओलांडला.

सरकारचे म्हणणे काय होते, तेही ऐकले पाहिजे. पैसा कुठून येतो हे लोकांना कळू नये काय? अमेरिकेत १९३८ पासून असाच कायदा नाही काय? प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक मेख आहे. अमेरिकेचा तो कायदा नाझी प्रचारकांना डोळ्यांसमोर ठेवून झाला, आणि परक्याच्या हुकमाने वा सांगण्यावरून जो काम करतो त्याला तो लागू होतो. नुसती देणगी घेतली म्हणून कोणी हस्तक ठरत नाही. देणगी घेणे आणि हुकूम घेणे या दोन गोष्टी एक मानल्या, की दवाखान्याला मदत करणाराही कटवाला ठरू लागतो.

आता बाहेरच्यांनी काय केले ते पाहू. विधेयक मंजूर होताच लिथुएनिया, एस्टोनिया आणि आइसलँड यांचे परराष्ट्रमंत्री तिबिलिसीच्या रस्त्यावर निदर्शकांबरोबर उभे राहिले. धाडस खरे, पण सरकारला “पाहा, परकीय हात!” असे म्हणायला आयतेच निमित्त मिळाले. मे महिन्यातच अमेरिकेने संबंधितांच्या प्रवेशपरवान्यांवर बंधने जाहीर केली आणि जुलैत साडेनऊ कोटी डॉलरांहून अधिक मदत थांबवली. युरोपीय संघाने ३ कोटी युरो रोखले आणि सदस्यत्वाची वाटचाल प्रत्यक्षात थांबल्याचे सांगितले. जॉर्जियाला डिसेंबर २०२३ मध्येच उमेदवार देशाचा दर्जा मिळाला होता, म्हणून हा घाव वर्मी बसेल अशी अपेक्षा होती. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. पण २८ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान इराकली कोबाखिद्झे यांनीच जाहीर केले की २०२८ अखेरपर्यंत सदस्यत्वाच्या वाटाघाटींचा विषय आम्ही काढणार नाही. ज्याला दार उघडून हवेच नाही, त्याला दार लावण्याची भीती कसली? एप्रिल २०२५ मध्ये तुरुंगवासाची तरतूद असलेला आणखी कडक कायदा झाला. आणि ज्या अमेरिकेने निषेध केला, तिनेच जानेवारी २०२५ मध्ये जगभरच्या मदतीची थैली आवळली. शिक्षा सरकारला करावी आणि उपास मात्र संस्थांना घडावा, असे झाले.

मग बाहेरचा शब्द व्यर्थच म्हणायचा काय? तसे नाही. हंगेरीकडे पाहा. तिथे २०१७ मध्ये याच जातीचा कायदा झाला: ठरावीक रकमेवर परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक प्रकाशनावर ‘परदेशी साहाय्यावर चालणारी’ असा शिक्का मिरवावा. पण हंगेरी संघाची सभासद होती. युरोपीय आयोगाने नुसता खलिता न धाडता खटला भरला. १८ जून २०२० रोजी संघाच्या न्यायालयाने कायदा करारबाह्य ठरवला आणि २०२१ मध्ये हंगेरीला तो रद्द करावा लागला. तीन वर्षे गेली, पण निकाल हाती आला. पुढे २०२३ अखेर ‘सार्वभौमत्व रक्षणा’चे नवे कार्यालय निघाले आणि आयोगाला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे खरे. तरीही जिथे आधीच लिहून दिलेला करार असतो, तिथे बाहेरचा शब्द पाहुण्याचा उपदेश राहत नाही. तो भागीदाराचा हक्क होतो.

इथिओपियाची कथा निराळी. २००९ च्या कायद्याने १० टक्क्यांहून अधिक परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना मानवी हक्कांचे काम बंद झाले. मदत देणाऱ्या देशांनी नापसंती दर्शवली. मदत मात्र चालू राहिली. कायदा बदलला तो २०१९ मध्ये, घरातले राजकारण पालटल्यावर.

हा प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर येऊन गेला आहे. परदेशी देणग्यांचा आपला कायदा १९७६ चा, पुढे २०१० चा. २०२० मध्ये तो अधिक कडक झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयुक्तांनी चिंता व्यक्त केली, आणि कायदे करणे हा आमचा सार्वभौम अधिकार आहे असे दिल्लीने उत्तर दिले. पुढे २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्या कायद्याचे गुणदोष हा आजचा विषय नाही. आपण एवढेच पाहावे की तिबिलिसीचे उत्तर ऐकून कपाळाला आठी घालणारे आपण आपलेच उत्तर ऐकताना मान डोलावतो काय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय इथे चालायचा नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. निषेधाच्या खलित्याला स्वतःचे वजन नसते. मागे करार असेल तर वजन येते, आणि बोलणारा स्वतःच्या घरीही तोच नियम पाळत असेल तर येते. पण सर्वांत जड वजन घरच्या माणसांचे. २०२३ मध्ये जॉर्जियात विधेयक मागे गेले ते मुख्यतः रस्त्यावर उतरलेल्या तिथल्या लोकांमुळे. म्हणून बाहेरच्यांनी शिक्षा करताना आधी पाहावे की त्या माणसांच्या पायाखालची फळी तर आपण काढत नाही ना. आणि आपण श्रोत्यांनी? गावातल्या संस्थेला वर्षाकाठी आपली वर्गणी द्यावी. जी संस्था गावच्या वर्गणीवर उभी असते, तिला परक्याची हस्तक म्हणणे कोणत्याही सरकारला जड जाते.