पोके करूया, पण कोलंबी शिजवून



बोईसर-तारापूरच्या वसाहतींतून आमच्या गटाकडे हल्ली एक नवीन विचारणा होते, "मोबाइलवर दिसतं ते पोके करून द्याल का?" पोके हा हवाई बेटांवरचा पदार्थ. पोके म्हणजे तुकडे करणं. कच्च्या माशाचे, बहुतेक कुप्याचे, तुकडे मीठ आणि समुद्री शेवाळ घालून कालवतात. पुढे त्यात सोया सॉस आणि तिळाचं तेल आलं.

आम्ही बैठकीत ठरवलं, पोके करायचं, पण कच्ची मासळी द्यायची नाही. काही जणी म्हणाल्या, "आपली मासळी तर बंदरावरची, ताजी!" पण ताज्या माशातही जंत असू शकतात. लिंबू-मिठानं माशाचा रंग पालटतो, जंत मरतीलच असं नाही. त्यासाठी मासळी उणे 20 अंशांवर 7 दिवस ठेवावी लागते. घरच्या फ्रिजचा भरवसा नाही, त्यात वीज जाते. शिवाय गोठवल्यानं रोगजंतू मरत नाहीत. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांना तर कच्ची मासळी नकोच.

आणखी एक लक्षात ठेवा. कुपा किंवा बांगडा बर्फाविना राहिला, तर त्यात असं विष तयार होतं की ते शिजवूनही जात नाही. अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. म्हणून घेतल्यापासूनच किलोला किलोभर बर्फ.

आता आमची रीत. पाव किलो कोलंबी सोलून, काळा दोरा काढून घ्या. उकळत्या पाण्यात 2 ते 3 मिनिटं शिजवा. बाहेरून गुलाबी, आतून पांढरी झाली पाहिजे. निथळून फ्रिजमध्ये गार करा. मग 2 चमचे सोया सॉस, 1 चमचा तिळाचं तेल, लिंबू, किसलेलं आलं, मिरची आणि कांद्याची पात घालून कालवा. सोया सॉस खारट असतो, वरून मीठ नको. वाडा कोलमच्या भातावर कोलंबी, काकडीच्या फोडी आणि भाजलेले तीळ घाला. कच्च्या मासळीची विळी आणि ताट वेगळं ठेवा. डबा भरला की लगेच पोचवा.

डब्यावर स्पष्ट लिहा, 'शिजवलेल्या कोलंबीचं पोके'. कुणी कच्च्याचाच हट्ट धरला, तर ती ऑर्डर सोडा. एक ऑर्डर गेली तर दुसरी मिळेल. एका डब्यानं कुणी आजारी पडलं, तर साऱ्या गटाचं नाव जाईल.