डाव्या अंगाचा सराव

जोर, बैठका आणि सपाट्यांनी पैलवानाचे अंग तयार होते. कुस्ती तयार होते ती लढतीत. कोल्हापूरच्या तालमींत मेहनतीला कोणी कमी पडत नाही. कमी पडते ते दुसरे अंग.

बहुतेकांचा हात एखाद्याच डावावर बसलेला असतो. कोणाचा ढाक, कोणाचा एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडणे), तोही कायम उजव्या अंगाने. तव्यावर एकाच बाजूने भाजलेल्या भाकरीसारखी ही गत. आच वाढवली तर भाजलेली बाजू करपते, कच्ची कच्चीच राहते. ती उलटावीच लागते, दुसरी बाजू विस्तवाला दाखवावी लागते; तेव्हा कुठे भाकरी फुगते. पैलवान मात्र आच वाढवतात, म्हणजे उजव्याच पटाचे आणखी शंभर फेरे!

डाव्या पटाचा सराव पवित्र्यापासून सुरू होतो. पुढचा पाय बदलला की तोलही बदलतो, म्हणून आधी जोडीदाराने नुसता पाय द्यावा, मग निम्मा जोर लावावा, शेवटी पुरा विरोध करावा. तोडही तशीच घटवावी लागते. समोरचा पटात शिरताच दोन्ही पाय झटकन मागे टाकायचे, कंबर खाली दाबायची आणि छातीचा भार त्याच्या पाठीवर द्यायचा. हेही दोन्ही अंगांनी. नवा डाव हलक्या जोडीदारावर बसवावा, बचाव भारी जोडीदाराशी. खाली गेल्यावर निसटण्याचा सराव तर फारच थोडे करतात, कारण खाली जाणे कोणाला आवडत नाही. पण दुसरे अंग म्हणजे हेसुद्धा.

खाशाबा जाधव मातीतले पैलवान. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटाचे कांस्यपदक मिळवले. मधल्या काळात त्यांना मॅट आणि तिचे नियम, म्हणजे कुस्तीचे दुसरे अंगच, अंगवळणी पाडावे लागले.

जुन्या निकाली कुस्तीत चितपट होईपर्यंत लढत चाले. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि गुणांचा हिशेब. त्याला लागणारा दम हा वेगळ्या भाषणाचा विषय. एवढे मात्र आताच सांगायला हवे, की दुसऱ्या अंगाचा सराव सुरुवातीलाच, अंग ताजे असताना घ्यावा. दमल्यावर प्रत्येक पैलवान आपसूक उजवीकडेच वळतो.