बाबांचा लाल चाकू
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल' असा विषय दिला होता. पण माझी सगळी वाटचाल खुर्चीत बसून झाली आहे, तिच्यात ऐकण्यासारखं काही नाही. त्याऐवजी मी एका चाकूबद्दल बोलते.

डिसेंबर 1993. नववीची सिंहगडाची सहल. मी बाबांच्या कपाटातला लाल स्विस चाकू गुपचूप दप्तरात घातला होता. काकांनी तो मस्कतहून आणला होता आणि बाबा त्याला कुणाला हात लावू देत नसत. कल्याण दरवाज्याजवळ आपण पेरू कापत होतो, तेव्हा तो माझ्या हातून दगडावर पडला. मुठीची एक पट्टी तडकली, टोकाचा तुकडा उडाला.

घरी मी सांगितलं, वर्गातल्या एका मुलाने मागून घेतला आणि पाडला. पुढच्या पालकसभेला बाबांनी त्या मुलाला गाठलं. ओरडले नाहीत. "वस्तू मागून घेतली की जपावी, बाळ," एवढंच म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं, काका."

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, त्याला कळलंय.

बाबांनी त्या मुठीला काळी टेप गुंडाळली आणि चाकू पुढे कित्येक वर्षं तसाच वापरला. आंबे कापले, वायरी सोलल्या. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. खण आवरताना चाकू हाती लागला आणि ठरवलं, ही पट्टी आपणच बदलायची.

मुठीच्या या पट्ट्यांना इंग्रजीत 'स्केल' म्हणतात. आपली कंपासमधली स्केल नव्हे, अर्थात ती वापरली असती तर बरं झालं असतं. कारण मी अंदाजाने मागवलेली जोडी 84 मिलिमीटरच्या चाकूची निघाली. आपला 91 चा. एवढी वर्षं मी ज्युनिअर मुलांना सांगते की आधी मोजा, मग लिहा!

दुसरी जोडी येईपर्यंत साफसफाई केली. टेपचा चिकटा खोबरेल तेलाने निघाला. साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासल्यावर पात्यांच्या फटींतून काय काय निघालं, ते जेवणाआधी सांगत नाही. मग चाकू वाळवून सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला.

या मुठीला बाहेरून एकही स्क्रू नाही. आत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे असतात आणि सगळी पाती पितळी रिव्हेटांवर ओवलेली असतात. रिव्हेटांची टोकं थोडी फुगीर ठेवतात. प्लास्टिकच्या पट्टीला आतून खळगे असतात, ते या टोकांवर दाबून बसवायचे. कार्ल एल्सनर यांनी 1897 मध्ये हा चाकू नोंदवला. आतली मापं कंपनीने इतकी जपली आहेत की आजची पट्टी बाबांच्या जुन्या चाकूवर बसते. आमच्या धंद्यात तीन वर्षांपूर्वीचं काही चालेल तर शपथ.

तुटकी पट्टी पातळ पात्याने टोकाकडून हळूहळू उचकटली. नवी बसवली, तर एका बाजूला उजेड दिसेल एवढी फट. रिव्हेटपाशी जुन्या प्लास्टिकचा कण राहिला होता. पुन्हा काढली, टाचणीने तो कण कोरला. मग चाकू टॉवेलात धरून एका टोकापासून अंगठ्यांनी दाबत गेले. टक. पुन्हा टक. गोंद लावला नाही, उद्या कुणाला परत काढावी लागली तर?

जोडीतली दुसरी पट्टी मात्र वापरली नाही. चाकूची दुसरी बाजू धड आहे, आणि तिच्यावर बाबांनी कर्कटकाच्या टोकाने स्वतःची आद्याक्षरं कोरली आहेत. त्यामुळे आता एक बाजू चकचकीत लाल आणि दुसरी विटकी. मुलगी म्हणते, "आई, हे विचित्र दिसतं." दिसू दे.

हे सगळं करायला तीन रविवार गेले. त्या तीन रविवारांत मला बाबांपेक्षा ती पालकसभाच जास्त आठवली. बाबांना मी खरं कधीच सांगितलं नाही. आधी भीती वाटली, नंतर 'आता कशाला' वाटलं, आणि नंतर ते नव्हते. पुढे बाबा तुझी चौकशी करायचे हे तुला माहीत नसेल. "तो चाकूवाला मुलगा काय करतो गं?" म्हणायचे, "सरळ मुलगा. चूक कबूल केली त्याने." मी मान डोलवायची.

चाकू तू पाडला नव्हतास, मी पाडला होता. सर, बाई, आपल्यासमोरही सांगते.

आणि तू जेवायच्या आधी इकडे ये. चाकू पर्समध्ये आहे, पेरू मी मंडईतून आणले आहेत, तिखट-मीठ शेजारच्या बाकावरून मिळेल. आज कापायचं काम तुझं.